समोरच तर आहे तोरणा!

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहिलं, की मावळतीकडे एक दांडगा डोंगर दिसतो. रुंद खांदे, अंगावर काळे कडे आणि माचीवर उलटा करून ठेवलेल्या बुधल्यासारखा एक सुळका. बुधला म्हणजे पूर्वी तेल-तूप भरून ठेवायचं चामड्याचं मोठं भांडं. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी पाहिला असेल. तर तो डोंगर म्हणजे तोरणा ऊर्फ प्रचंडगड.

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर राजगड ते तोरणा सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे ७ किलोमीटर. आणि गंमत म्हणजे दोन्ही किल्ले एकाच डोंगररांगेवर आहेत. एक लांबलचक धार एकाला दुसऱ्याशी जोडते. म्हणजे राजगडावरून दरीत पार तळापर्यंत उतरायचं आणि पुन्हा पायथ्यापासून तोरणा चढायचा, अशी भानगडच नाही. धारेवरून चालत जायचं, की आलाच तोरणा! ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

२०१४ सालच्या डिसेंबरात आम्ही पाच जण या वाटेनं गेलो. आमच्यातले 'मास्तर' शाळेत भूगोल शिकवतात. 'पैलवान' हा खराखुरा पैलवान नाही, पण वजनं उचलायची भारी हौस आणि देहही तसाच, ९० किलोंचा. 'भिंग' म्हणजे जाड चष्म्याचा आमचा फोटोवाला मित्र. चौथा मी. आणि पाचवा मास्तरांचा भाचा छोटू, इयत्ता आठवी. छोटूला न्यावं की नाही यावर त्याच्या घरी बरीच चर्चा झाली होती म्हणे. त्याला झेपेल का, मध्येच रडायला लागला तर काय, वगैरे वगैरे. शेवटी "पैलवानकाका बरोबर आहेत, गरज पडली तर खांद्यावर घेतील," या एका वाक्यावर आईनं परवानगी दिली.

आदल्या संध्याकाळी गुंजवण्याहून चोरदरवाजाच्या वाटेनं राजगड चढलो आणि पद्मावती देवीच्या देवळात मुक्काम केला. जेवण झाल्यावर मास्तरांनी विजेरीच्या उजेडात नकाशा पसरला.

"धार सरळ नाही, वळसे घेत जाते. त्यामुळे चाल साधारण बारा-साडेबारा किलोमीटर," ते म्हणाले. "आता गणित करू. छोटू, वही काढ."

हे गणित मोठं मजेदार आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली ते सांगितलं आणि आजही जगभरचे डोंगरभटके वापरतात. सपाटीवर दर ५ किलोमीटरला १ तास धरायचा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास मिळवायचा. मास्तरांनी नकाशावरच्या समोच्च रेषा मोजून चढ काढला, सातशे-साडेसातशे मीटर. छोटूनं वहीत हिशोब मांडला : अंतराचे अडीच तास, चढाचा सव्वा तास. एकूण पावणेचार.

"पाठीवर ओझं आहे, म्हणून पाच धरू," मास्तर म्हणाले. "म्हणजे दुपारचं जेवण तोरण्यावर."

"जेवण मी बनवणार!" पैलवान म्हणाला आणि पातेलं, तांदूळ, बेसन, कांदे, वर दोराचं वेटोळं, सगळं आपल्याच पिशवीत कोंबलं. आम्ही नको नको म्हणत होतो. पण त्याचं आपलं एकच, "अरे, हे काय वजन आहे?"

सकाळी साडेसहाला निघालो. संजीवनी माची संपता संपत नाही. अडीच किलोमीटर लांब माची, तीन टप्प्यांत खाली उतरत गेलेली. तिची तटबंदी काही ठिकाणी दुहेरी आहे, म्हणजे भिंतीच्या आत भिंत, मध्ये माणूस जाईल एवढी बोळ. तोफेच्या माऱ्यानं बाहेरची भिंत ढासळली तरी आतली उभीच. मास्तरांनी इथे बराच वेळ काढला आणि मला ते पटलं. राजगडावर येऊन ही माची न बघता परत जाणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. ही नुसती दगडांची रास नव्हे. सुमारे पंचवीस वर्षं हा गड स्वराज्याची राजधानी होता. तोरण्याची दुरुस्ती चालू असताना तिथे धन सापडलं आणि ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा राजगड बांधायला कामी आलं, असं जुन्या बखरी सांगतात. म्हणजे थोरल्या भावाच्या पैशानं धाकट्याचं घर उभं राहिलं म्हणा ना! आणि २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. तोरण्याच्या वतीनं मला थोडा राग आलाच.

माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा साडेसात वाजले होते. ऊन कोवळं होतं, गार वारा सुटला होता, समोर तोरणा लख्ख दिसत होता.

"समोरच तर आहे!" छोटू ओरडला.

दरवाजाबाहेर पहिलंच काम म्हणजे उतरणं. आणि हा उतार काही जिन्यासारखा नव्हता. पावसाळ्यात जिथे कमरेएवढं हिरवं गवत असतं, तिथे डिसेंबरात ते वाळून पिवळं होतं आणि वाटेवर आडवं पडतं. गवताखाली भुसभुशीत मुरूम आणि सुट्टे दगड. याला घसारा म्हणतात. पाऊल टाकलं की ते एक वीत पुढे सरकतं, आपल्याला विचारून नव्हे! भिंगनं पहिल्या दहा मिनिटांत दोनदा बसकण मारली, दोन्ही वेळा कॅमेरा वर धरून. छोटू मात्र शेळीच्या पिल्लासारखा टणाटण खाली.

उतरून धारेवर आलो. डावीकडे खोल दरीपलीकडे भाटघर धरणाचं पाणी चमकत होतं, उजवीकडे वेल्ह्याकडची शेतं. आता सपाट चालायचं, असं वाटत असतानाच एक टेकाड आलं. चढलो. उतरलो. पुन्हा टेकाड. चढलो. उतरलो. मग कारवीचं रान. डोक्यावरून जाणाऱ्या त्या कारवीच्या काठ्यांतून वाट भुयारासारखी जाते. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि तिच्या काठ्या विणून, शेणामातीनं लिंपून इकडे घरांच्या भिंती करतात. आम्हांला तिचा दुसराच उपयोग कळला. घसाऱ्यावर पाय सुटला की धरायला याच काठ्या. रान संपलं. पुन्हा टेकाड.

"मामा, हे नकाशात होतं?" छोटूनं विचारलं.

मास्तर थांबले, नकाशा उघडला, बराच वेळ बघत राहिले आणि मग हसायला लागले. "नाही रे. आणि असणारही नाही."

त्यांनी सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ज्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असतो, त्यावर समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक अशी काढतात. आता एखादं टेकाड १५ मीटर उंच असेल तर? ते दोन रेषांच्या मध्ये आरामात बसतं. कागदावर त्याचा पत्ताच लागत नाही. १५ मीटर म्हणजे पाच मजली इमारत! अशी एक इमारत चढून उतरायला कोणी कुरकुर करणार नाही. पण ओळीनं वीस इमारती उभ्या केल्या तर?

आणि ही टेकाडं आली कुठून? सह्याद्रीचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हानं बनला. थरावर थर. काही थर कठीण, काही मऊ. ऊन-पावसानं मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, कठीण थर कडे होऊन उभे राहिले. किल्ल्याच्या माच्या आणि कडे यातूनच झाले. दोन गडांमधली धारही अशीच झिजली, कुठे कमी, कुठे जास्त. मग ती करवतीच्या दात्यांसारखी न होईल तर काय?

"म्हणजे आपण करवतीवरून चालतोय," भिंग म्हणाला.

छोटूनं तेव्हापासून टेकाडं मोजायला सुरुवात केली.

साडेदहाला एका खिंडीत आलो. इथे डांबरी रस्ता धार ओलांडून जातो. सावलीत बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. वहीतल्या हिशोबाप्रमाणे आता अर्ध्याच्या बऱ्याच पुढे असायला हवं होतं. प्रत्यक्षात अर्धंही झालं नव्हतं. पाणी माणशी तीन लिटर घेतलं होतं, त्यातलं दीड संपलं होतं. पैलवान नेहमीसारखा बोलत नव्हता. मास्तरांनी त्याला विचारलं, "बरा आहेस ना? रस्ता इथेच आहे, इथून गाडी मिळेल."

"मला काय धाड भरलीय?" पैलवान उठून चालायलाही लागला.

खिंडीतून निघालेला चढ नाकासमोर होता. सावली नाही, वारा नाही. वर पोचलो तर पुढे पुन्हा उतार. त्याच उतारावर पैलवान एकदम "आई गं!" करून खाली बसला. उजव्या पोटरीत गोळा आला होता. नुसता हात लावला तरी दगडासारखी लागत होती. मास्तरांनी त्याचा पाय सरळ करून पंजा हळूहळू वर दाबला. गोळा सुटला. दहा पावलं चालला आणि डाव्या पायात गोळा. मग दोन्ही मांड्या थरथरायला लागल्या.

हे असं का झालं? खूप घाम गेला की अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी होतं आणि थकलेला स्नायू आखडतो. त्यात उतार. आपल्याला वाटतं चढ अवघड, उतार सोपा. दमाच्या बाबतीत ते खरं आहे. पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन पेलून ब्रेक लावत असतो. छोटूला ३८ किलोंना ब्रेक लावायचा होता. पैलवानाला स्वतःचे ९० आणि पिशवीचे १८. असे हजारो ब्रेक!

तो दगडावर बसून म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मी मागून सावकाश येतो." ते म्हणताना तो आमच्याकडे बघत नव्हता. आम्ही चौघं गप्प. डोंगरावर कोणालाही एकटं मागे सोडायचं नाही, हा नियम त्यालाच जास्त पाठ होता. पूर्वी एका मोहिमेत त्यानंच तो आम्हांला दरडावून सांगितला होता.

छोटू काही न बोलता त्याच्या मागे गेला, पिशवीचा बंद सोडला आणि पातेलं बाहेर काढून आपल्या पिशवीला बांधलं. मग आम्हीही तांदूळ, बेसन, दोर वाटून घेतले. पैलवानाच्या पाठीवर राहिली फक्त त्याची चादर.

थोडं पुढे धारेवरच धनगराचं एक घर लागलं. कारवीच्या भिंती, अंगणात दोन वासरं. एक म्हातारी दारात बसली होती.

"कुठनं आलायसा? गडावनं?"

"हो आजी. तोरण्यावर जायचंय."

"आन् ह्यो असा लंगडत?" आजीनं पैलवानाकडे पाहिलं. "बसा आदी सावलीला. ताक देती."

मोठ्या गडव्यातून ताक आलं, मीठ घातलेलं. पैलवान तीन पेले प्यायला. आजीनं आमच्या रिकाम्या बाटल्या बघितल्या आणि घरातला हंडा पुढे ओढला. "घ्या भरून."

बाटल्या भरल्या तसा हंडा तळाला गेला. छोटूनं विचारलं, "आजी, हे पाणी कुठून आणता?" आजीनं दरीकडे हात केला. झाडीत झरा होता.

छोटूनं मामाकडे बघितलं. मग तो, मी आणि भिंग, तिघं हंडा आणि कळशी घेऊन खाली गेलो. उतरायला पाव तास लागला. वर यायला अर्धा तास. हंडा मी घेतला होता. डोक्यावर ठेवायची कला मला येत नाही, म्हणून खांद्यावर. वाटेत दोनदा टेकवला. छोटूच्या हातातली कळशी हिंदकळून त्याचा सदरा भिजला.

"आजी, रोज किती खेपा करता?" धापा टाकत त्यानं विचारलं.

"दोन. जनावरं हायती ना, त्यास्नी बी लागतं की. उन्हाळ्यात झरा आटला की मग लांब जावं लागतं," आजी म्हणाली आणि हंडा उचलून आत घेऊन गेली. एका झटक्यात! पैलवान तिच्याकडे बघतच राहिला.

आता प्रश्न असा होता, की पुढे जायचं का परत? दुपारचा एक वाजून गेला होता. खिंडीतल्या रस्त्यापर्यंत परत जायचं तर सगळा उतार. पुढे तोरणा, म्हणजे मुख्यतः चढ. मास्तरांनी आजीला विचारलं. ती पैलवानाच्या पायांकडे बघून म्हणाली, "ह्याला उतार नको. चढ चढंल त्यो. दमादमानं न्या. दिस बुडायच्या आत माचीव पोचा म्हंजी झालं." आणि तिनं कुडाच्या फटीत खोचलेली एक काठी काढून त्याच्या हातात दिली.

आम्ही पैसे पुढे केले तर घेईना. शेवटी भिंगनं गुळाची ढेप तिच्या ओट्यावर ठेवली, तिला मात्र ती नाही म्हणाली नाही.

मास्तरांनी छोटूला सगळ्यांत पुढे ठेवलं, त्याच्या मागे पैलवान, मग आम्ही. छोटूला सांगितलं, "मागे वळून पैलवानकाकांचा चेहरा बघत चाल. ते बोलू शकतात तेवढाच वेग." झालं, छोटूनं ते इतकं मनावर घेतलं, की दर पंधरा-वीस पावलांना मागे वळून "काका, सतराचा पाढा म्हणा!" पैलवानाचा सतराचा पाढा पन्नाशीच्या पुढे गेला नाही, पण तो दमामुळे नव्हे.

ऊन आता तोंडावर येत होतं. तोरणा जवळ येत होता आणि जवळ येईल तसा अंगावर येत होता. सकाळी बोटाएवढा दिसणारा बुधला आता मान वर करून बघावा लागत होता. १७०४ साली औरंगजेबाच्या फौजेनं आधी राजगड घेतला आणि मग तोरणा. तोरणा जिंकल्यावर बादशहानं त्याचं नाव ठेवलं फुतुहुल्गैब, म्हणजे दैवी विजय. ही वाट चालून आल्यावर मला त्या नावाचं नवल वाटेनासं झालं. देवाचे आभार मानावेत असाच हा डोंगर आहे.

चार वाजता बुधला माचीच्या खाली पोचलो. शेवटचा टप्पा कातळाचा. उंची फार नाही, पण हात आणि पाय दोन्ही वापरावे लागतात आणि खाली दरी आहे. मास्तर आधी वर गेले, दोर सोडला. दोर कमरेला बांधून छोटू सरसर गेला. मग पैलवान. तो खोबणीत पाय ठेवून उभा राहिला आणि मांडी पुन्हा थरथरायला लागली. आम्ही खालून बघत होतो. भिंगनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कोणी बोललं नाही.

वरून छोटूचा आवाज आला, "काका, डावीकडे मोठी खोबण आहे. गुडघ्याच्या वर. अजून थोडं. हां, तीच!"

पैलवानानं डावा पाय तिथे टेकवला, दोन श्वास घेतले आणि स्वतःला वर ओढलं. त्याच्या वजनं उचलण्याच्या हौसेचा त्या दिवशीचा पहिला उपयोग तो! मग मी आणि भिंग. साडेचारला पाचही जण माचीवर. अळू दरवाजापासून नऊ तास.

छोटूनं वहीत पावणेचारच्या खाली ९ लिहिलं. टेकाडं मोजता मोजता एकोणिसाव्याला आजीचं घर आलं आणि पुढची मोजायची राहिली, असंही त्याखाली लिहिलं.

बुधला माचीवरून कोकण दरवाजातून आत शिरलो, मेंगाई देवीच्या देवळापाशी आलो तेव्हा सूर्य बुडत होता. दुपारचं जेवण रात्री आठला झालं. पिठलं-भात पैलवानानंच केला, बसल्या बसल्या. भात थोडा करपला होता, पण पातेल्याला लागलेली खरवडही शिल्लक राहिली नाही.

सकाळी हवा स्वच्छ होती. पश्चिमेला रायगड आणि त्याच्या अलीकडे लिंगाण्याचा सुळका दिसला. मास्तर एकेक नाव सांगत होते आणि भिंग फोटो काढत होता. नंतर बिनी दरवाजातून वेल्ह्याकडे उतरलो. ही रोजची वाट, पण पैलवानाला तिनं तीन तास लावले. बराचसा उतार तो पाठमोरा उतरला. मांड्यांना तेच बरं वाटतं म्हणाला. वाटेत गड चढणारी एक शाळेची सहल भेटली. ती मुलं त्याच्याकडे बघून हसली आणि मग त्यांतली चार-पाच जणही पाठमोरी चढायला लागली. त्यांच्या बाईंनी आमच्याकडे जे पाहिलं ते मी लिहीत नाही.

वेल्ह्यात एस.टी. उभीच होती. आम्ही चौघं आत जाऊन बसलो. पैलवान दाराशी काठी टेकून उभा, पायरीकडे बघत.

"येताय का, पाव्हणं?" कंडक्टरनं विचारलं.

"येतो की," पैलवान म्हणाला. "पण आधी सांगा, हा पण चढच का?"